गांधीजींच्या ताटाचा हिशेब



शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घर सोडून नव्या शहरात आलेल्या तरुणाला पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळते. आजवर आपले जेवण आपण ठरवतच नव्हतो. ते आई ठरवत होती, घराची रीत ठरवत होती, सणवार ठरवत होते. ताटात येईल ते आपण खात होतो आणि वर नावेही ठेवत होतो. आता मेसचे जेवण आवडत नाही, सकाळचा नाश्ता उठायला उशीर झाल्याने बुडतो, आणि रात्री अकरा वाजता भूक लागली की मोबाईलवर बोट फिरवल्याबरोबर अर्ध्या तासात दारात काहीतरी चमचमीत येते. मग एखाद्या सोमवारी आपण मोठा निश्चय करतो. साखर बंद, तळलेले बंद, चहा बंद. हा निश्चय गुरुवारपर्यंत टिकतो. शुक्रवारी कोणाचा तरी वाढदिवस असतो.

तुमचेही असे झाले असेल, तर अठराव्या वर्षी घर सोडून परदेशी गेलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट तुमच्यासाठी आहे. तो लाजाळू होता, स्वयंपाक येत नव्हता, खिशात मोजके पैसे होते आणि पहिले कित्येक दिवस तो अर्धपोटीच होता. पुढे जग त्याला महात्मा गांधी म्हणून ओळखू लागले. त्यांच्या राजकारणाविषयी आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. आज आपण त्यांचे ताट पाहू.

आईचे व्रत आणि मुलाचे खोटे

मोहनदासांचा जन्म 2 ऑक्टोबर 1869 रोजी पोरबंदरला झाला. घर वैष्णव. आई पुतळीबाई व्रतवैकल्यांत अतिशय कडक होत्या. चातुर्मासात एकभुक्त राहणे ही तर त्यांची नेहमीचीच गोष्ट. एका चातुर्मासात त्यांनी सूर्यदर्शन झाल्याशिवाय जेवायचे नाही असे व्रत घेतले. पावसाळ्याचे दिवस, आभाळ भरलेले. मुले अंगणात उभी राहून ढगांकडे टक लावून बघत. सूर्य दिसला की धावत आत जाऊन आईला सांगत. ती बाहेर येईपर्यंत सूर्य पुन्हा ढगाआड गेलेला असे. ती हसतमुखाने परत कामाला लागे. आज देवाच्या मनात आपल्याला जेवू घालायचे नाही, इतकेच ती म्हणत असे.

अशा आईच्या मुलाने शाळेत असताना चोरून मांस खाल्ले. हे आपल्याला कळते ते त्यांनी स्वतःच ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मचरित्रात लिहून ठेवले म्हणून. राजकोटमधील एका मित्राने त्यांच्या मनात भरवले की इंग्रज मांस खातात म्हणून बलवान आहेत आणि म्हणून ते आपल्यावर राज्य करतात. मोहनला अंधाराची, चोरांची, भुताखेतांची, सापांची भीती वाटे. मित्र धिप्पाड, पळण्यात आणि उड्या मारण्यात पटाईत. त्याच्यासारखे व्हावे असे कोणाला वाटणार नाही? नदीकाठी एकांत शोधून पाव आणि बकऱ्याचे मटण खाण्याचा बेत झाला. मांस चामड्यासारखे चिवट लागले, घशाखाली उतरेना. त्या रात्री जिवंत बकरी पोटात ओरडते आहे असे त्यांना वाटत राहिले. तरीही हा प्रकार सुमारे वर्षभर चालला, पाच-सहा वेळा.

तो थांबला तो पोट बिघडले म्हणून नव्हे. अशा प्रत्येक मेजवानीनंतर घरी जेवता येत नसे आणि आईला भूक नसल्याचे खोटे सांगावे लागे. हे खोटे त्यांना सोसवेना. त्यांनी ठरवले की आईवडील आहेत तोवर मांस खायचे नाही. नंतर, मोठे झाल्यावर, उघडपणे खायचे. म्हणजे मनातून पटले होते ते मांस खाणेच. पाळत होते ते फक्त आईवडिलांसाठी. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कथा हिच्यावर उभी आहे.

लंडनमधील अर्धपोटी विद्यार्थी

1888 मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला जायचे ठरले. आईला काळजी होती. तेव्हा घराण्याचे हितचिंतक असलेल्या बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर मोहनदासांनी तीन शपथा घेतल्या. मद्य, परस्त्री आणि मांस यांना स्पर्श करायचा नाही. मग आईने परवानगी दिली. 4 सप्टेंबर 1888 रोजी मुंबईहून बोट सुटली.

बोटीवर इंग्रजी बोलण्याची लाज आणि काट्या-चमच्याने खाण्याची भीती. कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचेही धाडस होईना. घरून नेलेली मिठाई आणि फळे खोलीत बसून खात त्यांनी दिवस काढले. सहप्रवासी प्रेमाने सांगत होते की पुढच्या थंडीत मांसाशिवाय जगताच येणार नाही.

लंडनला पोहोचल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. सकाळी ओटची लापशी मिळे, तिने पोट भरे. पण दुपारी आणि रात्री पालक, पाव आणि जॅम एवढेच. दोन-तीन तुकड्यांहून जास्त पाव मागायची त्यांना लाज वाटे, आणि भूक तर चांगली खणखणीत होती. मसाल्याशिवाय उकडलेल्या भाज्या बेचव लागत. पुढे ज्या घरी ते राहायला गेले तिथल्या मुली आग्रहाने पावाचा एखादा तुकडा जास्त वाढत, पण त्यांना जाणवले नाही की या पाहुण्याला अख्खा पावही पुरला नसता. एक मित्र रोज समजावत होता की अडाणी आईला परक्या देशातल्या परिस्थितीची कल्पना नसताना दिलेल्या शपथेला काय अर्थ? वादात मोहनदास हरत. तरीही उत्तर नाहीच असे. शपथ ती शपथ.

आता विचार करा. त्या वेळी त्यांच्याजवळ होती फक्त शपथ. शपथेने त्यांना मांसापासून वाचवले, पण काय खावे हे सांगितले नाही. आपल्या सोमवारच्या निश्चयांचेही असेच होते. काय सोडायचे याची यादी तयार असते, त्याजागी ताटात काय वाढायचे याचा विचारच केलेला नसतो. रिकामे पोट फार काळ वाट बघत नाही.

एक शिलिंगाचे पुस्तक

लंडनमध्ये शाकाहारी खाणावळी आहेत असे त्यांच्या कानावर आले. शोधात ते रोज दहा-बारा मैल चालत. वाटेत स्वस्त खाणावळीत पोटभर पाव खात, पण समाधान होत नसे. एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना हवी ती खाणावळ सापडली. दाराशी काचेच्या कपाटात काही पुस्तके विकायला ठेवली होती. त्यातले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक त्यांनी एक शिलिंगाला घेतले आणि सरळ जेवायला बसले. इंग्लंडला आल्यापासूनचे ते त्यांचे पहिले पोटभर जेवण.

पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. आणि आजवर केवळ आईसाठी पाळलेली गोष्ट त्या दिवसापासून त्यांची स्वतःची झाली. उद्या आपण मोकळे झालो की मांस खाऊ, हा मनाच्या कोपऱ्यात जपलेला विचार गेला. जिव्हाळ्याने दिलेल्या वचनाला आता बुद्धीचा आधार मिळाला.

तुम्ही शाकाहारी आहात की मांसाहारी, हा या लेखाचा प्रश्न नाही. प्रश्न असा आहे की तुम्ही जी सवय लावू पाहता तिचे कारण तुमचे स्वतःचे आहे का? मैत्रिणीने केले म्हणून, कोणाच्या तरी व्हिडिओत पाहिले म्हणून, आरशात पाहून वैताग आला म्हणून धरलेली सवय पाहुण्यासारखी येते आणि जाते. थोडे वाचून, समजून, आपल्या मनाला पटवून धरलेली सवय घरच्या माणसासारखी राहते.

कारण पटले तरी मित्रमंडळींचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. एका मित्राने त्यांना नाटकाला नेण्याआधी एका भपकेदार हॉटेलात जेवायला बोलावले. त्याचा कयास होता की अशा ठिकाणी मोहनदास संकोचाने काही विचारणार नाहीत. पहिल्यांदा सूप आले. मोहनदासांनी वेटरला बोलावले, सुपात काय आहे हे विचारायचे होते. मित्र भडकला, नीट वागता येत नसेल तर बाहेर जा म्हणाला. ते शांतपणे बाहेर गेले. जवळची शाकाहारी खाणावळ बंद झालेली होती. त्या रात्री ते उपाशीच राहिले, मित्राबरोबर नाटकाला मात्र गेले. मित्राचा राग धरला नाही आणि आपली सवयही सोडली नाही. पुढच्या शुक्रवारी वाढदिवसाला जाताना हा प्रसंग जरूर आठवा. पार्टीला जावे, मित्रांमध्ये बसावे, आणि ताटात काय घ्यायचे ते आपण ठरवावे. दोन्ही एकाच वेळी जमू शकते.

रात्री झोपण्याआधीची रोजकीर्द

या मित्राला बरे वाटावे म्हणून मोहनदासांनी एक वेगळाच उद्योग आरंभला. शाकाहारी असलो तरी आपण सभ्य आहोत हे दाखवण्यासाठी साहेब बनायचे! बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवला. उंच टोपी घेतली. नृत्याचे वर्ग लावले, व्हायोलिन घेतले, भाषण कलेची शिकवणी लावली. हे वेड सुमारे तीन महिने टिकले. मग ते भानावर आले. आपण विद्यार्थी आहोत, पैसे भाऊ कष्टाने पाठवतो आहे.

त्यांना वाचवले ते एका सवयीने. खर्चाची प्रत्येक नोंद ते लिहीत असत. बसचे भाडे, टपालाचे तिकीट, वर्तमानपत्राची दोन नाणी, सगळे. आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवून पाहत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे लगेच कळेल. रोजकीर्द रोज लिहिली तरच तिचा उपयोग. महिनाअखेरीस आठवून लिहिलेल्या नोंदींवर कोण विश्वास ठेवणार?

हिशेब पाहून त्यांनी खर्च निम्म्यावर आणायचे ठरवले. पण अर्धे एकदम कापले नाही. आधी कुटुंबात पाहुणा म्हणून राहणे सोडून दोन खोल्या घेतल्या. त्याही अशा ठिकाणी की कामाच्या जागी चालत जाता येईल. त्यामुळे गाडीभाडे वाचले आणि रोज आठ-दहा मैल चालणे आपोआप झाले. लंडनमधले आपले आरोग्य या चालण्याने टिकले, असे ते पुढे सांगत. नंतर दोन खोल्यांची एक खोली केली. एक शेगडी विकत घेतली. सकाळी ओटची लापशी आणि कोको खोलीवरच, वीस मिनिटांचे काम. दुपारचे जेवण बाहेर. रात्री खोलीवर पाव आणि कोको. दिवसाचा जेवणखर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आला. हे सारे लंडनच्या मॅट्रिक परीक्षेचा कसून अभ्यास चालू असताना.

यातले बारकावे पाहा. ज्याला स्वयंपाक येत नाही त्याने सगळा स्वयंपाक शिकण्याचा घाट घातला नाही. एक वेळचे, एकाच पदार्थाचे, वीस मिनिटांत होणारे खाणे धरले आणि ते रोज केले. वसतिगृहात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यापेक्षा सोपी सुरुवात कोणती?

चव कुठे असते?

घरून मागवलेले मसाले आणि मिठाई त्यांनी हळूहळू बंद केली. चहा-कॉफी सोडून कोको धरला. आणि एक आश्चर्य घडले. सुरुवातीला जो उकडलेला पालक घशाखाली उतरत नव्हता, तोच आता चवदार लागू लागला. पालक तोच, जीभ तीच. बदलले होते मन. अशा अनुभवांतून ते या निष्कर्षाला आले की चवीचे खरे ठिकाण जिभेवर नाही, मनात आहे.

आपण सारे असे समजतो की मला हे आवडते आणि ते आवडत नाही, ही जन्माची गोष्ट आहे. प्रत्यक्षात आवड ही सवयीची मुलगी आहे. चहातली साखर एकदम बंद केली तर चहा औषधासारखा लागतो. अर्धा चमचा कमी केली, पंधरा दिवसांनी आणखी अर्धा, तर दोन महिन्यांनी जुना गोड चहा आपल्यालाच नकोसा होतो. पहिले काही दिवस बेचव जाणार, हे गृहीत धरून चला. ते कायमचे दिवस नसतात.

याच काळात अंड्यांचा प्रश्न आला. मांसात अंडी येत नाहीत असे इंग्लंडमधील काही शाकाहारी मानत. त्यांचे ऐकून मोहनदास थोडे दिवस अंडी खाऊ लागले. मग त्यांनी विचार केला की शपथ आईला दिली आहे, तेव्हा मांस या शब्दाचा आईला जो अर्थ अभिप्रेत होता तोच धरायला हवा. अंडी बंद झाली. केकमध्ये, पुडिंगमध्ये अंडे आहे का हे प्रत्येक ठिकाणी विचारावे लागे, कित्येक आवडते पदार्थ गेले. नियमात पळवाट शोधणे सोपे असते. आपणही डाएटमध्ये चालते असे लेबल पाहून बिस्किटांचा पुडा संपवतो, नाही का?

पुढे ते लंडनच्या व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारी समितीवर गेले. आपल्या भागात एक छोटा शाकाहारी क्लब काढून त्याचे सचिव झाले. 1891 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हिंदुस्थानातील अन्नाविषयी लेखही लिहिले. सभेत उभे राहिले की ज्याची वाचा बसे, त्या तरुणाला आहाराच्या निमित्ताने मित्र मिळाले. सवय एकट्याने ओढण्यापेक्षा दोघाचौघांत लवकर रुजते.

खोडून टाकायचे नाही, दुरुस्त करायचे

1891 च्या जूनमध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले. आई त्यांच्या गैरहजेरीत वारल्याचे त्यांना इथे आल्यावरच सांगण्यात आले. घरात चहा-कॉफीच्या जागी कोको आणि ओटची लापशी आणण्याचा त्यांनी उत्साहाने प्रयत्न केला. झाले असे की चहा-कॉफी राहिलीच, आणि कोको व लापशीची त्यात भर पडली. खर्च वाढला! घरच्यांना एका दिवसात सुधारायला निघालेल्या प्रत्येक तरुणाने हा अनुभव घेतलेला असतो.

1893 मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथे प्रिटोरियात त्यांनी कच्च्या धान्याचा प्रयोग केला. गहू, तांदूळ, कडधान्य भिजवून न शिजवता खायचे, जोडीला मनुका, फळे. दोन आठवडेही पुरे होण्याआधी अशक्तपणा इतका वाढला की प्रयोग सोडावा लागला. त्यांनी तो लपवला नाही. कोणत्या दिवशी काय खाल्ले आणि काय त्रास झाला याचा वृत्तान्त लिहून लंडनच्या त्याच नियतकालिकाला पाठवला आणि तो 1894 मध्ये छापला गेला.

हिशेबाच्या वहीत चुकीची नोंद झाली तर ती खोडायची नसते. चूक तशीच ठेवून तिच्याखाली दुरुस्तीची नोंद करायची असते. गांधीजींच्या आहाराच्या इतिहासात अशा दुरुस्त्या जागोजागी दिसतात.

जोहान्सबर्गला असताना त्यांना बद्धकोष्ठ आणि डोकेदुखीचा त्रास होता. ते दिवसातून तीनदा भरपूर जेवत आणि दुपारचा चहाही घेत. मँचेस्टरमध्ये सकाळचा नाश्ता सोडणाऱ्यांची एक संस्था निघाल्याचे वाचून त्यांनी नाश्ता सोडून पाहिला. डोकेदुखी थांबली. यावरून त्यांनी काय निष्कर्ष काढला? नाश्ता वाईट असतो असा नाही. आपण गरजेपेक्षा जास्त खात होतो, एवढाच. बद्धकोष्ठ मात्र त्याने गेले नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. त्याच शहरात सात पौंडांची हाताने फिरवायची चक्की घेऊन कोंड्यासकट पीठ घरी दळण्याचा नेम त्यांनी सुरू केला. चाक जड होते, एकट्याला झेपत नसे. गांधीजी, त्यांचे मित्र पोलाक आणि मुले मिळून दळत. घरचा पाव झाला आणि मुलांना व्यायामही.

आजारी कस्तुरबांना त्यांनी मीठ आणि डाळी सोडण्याचा आग्रह केला, तेव्हा बांनी सुनावले की तुम्हाला कोणी सांगितले तर तुम्हीही सोडणार नाही. गांधीजींनी त्याच क्षणी वर्षभरासाठी दोन्ही सोडले. बांना फार वाईट वाटले, त्यांनी शब्द मागे घेण्याची विनवणी केली, पण ते बधले नाहीत. ही गोष्ट वाचताना कौतुकही वाटते आणि बांची दयाही येते. घरातील एकाच्या प्रयोगांचा भार इतरांवर पडतो, हे आपण विसरू नये.

1918 चा धडा

1912 मध्ये टॉलस्टॉय फार्मवर असताना गांधीजी आणि त्यांचे मित्र कॅलनबॅक यांनी दूध सोडले. पुढे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्ह तेल यांवर ते राहू लागले. दूध कधीच घ्यायचे नाही असे त्यांचे व्रत झाले.

1918 मध्ये खेडा जिल्ह्यात ते गावोगाव पायी हिंडत होते. खाणे मुख्यतः शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू. पोट बिघडू लागले होते. अशात सणाचा दिवस आला. दुपारी काही घेणार नाही असे त्यांनी सांगितले होते, पण बांनी त्यांच्यासाठी तेलातली गव्हाची गोड लापशी आणि मूग करून ठेवले होते. थोडेसेच खावे, बांना बरे वाटेल आणि जिभेचेही लाड होतील, असे मनाशी म्हणत ते बसले आणि पोटभर जेवले. तासाभरात आमांशाने जोर केला. औषध नको, दूध नको, या हट्टाने शरीर पार खंगले. आपण वाचत नाही असे त्यांना वाटू लागले.

विचार करा, एकोणपन्नासाव्या वर्षी, तीस वर्षे आहाराचा अभ्यास केलेला हा माणूस एका वाटीला भुलला. आणि त्याने ते लिहून ठेवले. तुमचा एखादा दिवस घसरला तर सगळे संपले असे मानू नका.

मुंबईत डॉ. दलालांनी त्यांना स्पष्ट सांगितले की दुधाशिवाय शरीर उभे राहणार नाही. व्रताची अडचण होती. तेव्हा बा म्हणाल्या की व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैसच होती, शेळीचे दूध घ्यायला काय हरकत? गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. सत्याग्रहाचे मोठे काम समोर होते आणि त्यासाठी जगण्याची ओढ प्रबळ होती. व्रताचा शब्द राहिला पण त्याचा आत्मा दुखावला, ही खंत त्यांनी पुढे उघडपणे मांडली. अंड्याच्या वेळी पळवाट नाकारणारा तरुण आणि शेळीच्या दुधाची वाट घेणारा प्रौढ, दोघेही त्यांनी आपल्या वहीत तसेच ठेवले. कुठली नोंद खोडली नाही.

वर्धा आणि पुणे

नंतरच्या आयुष्यात त्यांचे लक्ष देशाच्या ताटाकडे वळले. 1934 च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल, गूळ, जात्यावरचे पीठ यांवर काम सुरू झाले. गिरणीत पांढराशुभ्र केलेल्या तांदळाबरोबर कोंड्यातले सत्त्व जाते, हे ते लोकांना पुन्हा पुन्हा समजावत. गरिबाच्या दाराशी उगवणारा पाला फुकट जातो याची त्यांना हळहळ वाटे. हिरव्या पाल्याचे, कडुनिंबाच्या चटणीचे, सोयाबीनचे प्रयोग तिथे चालत.

1942 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी गुजरातीत ‘आरोग्यनी चावी’ हे छोटे पुस्तक लिहिले. बैठे काम करणाऱ्यासाठी त्यांनी रोजच्या अन्नाचे माप दिले आहे. दूध सुमारे 900 ग्रॅम, धान्य 170, पालेभाजी 85, इतर भाज्या 140, कच्ची भाजी सुमारे 30, तूप 40, गूळ किंवा साखर 40 ग्रॅम, दोन लिंबे आणि ऐपतीप्रमाणे फळे. ज्यांनी स्वतः दूध सोडले होते त्यांनीच शाकाहाऱ्याच्या आहारात दूध आवश्यक म्हणून लिहिले, कारण अनुभवाने तसे शिकवले होते. हे माप त्यांच्या काळाचे आहे. तुमचे वय, काम आणि प्रकृती पाहून तुमचे माप वेगळे असेल. शिकण्यासारखी गोष्ट ही की 73 वर्षांचा माणूस अजूनही वजन करून, मोजून, विचार करून जेवत होता.

आज रात्रीपासून

मित्रांनो, गांधीजींचे उपवास, मिठाचा त्याग किंवा फळांवर राहणे याची नक्कल करू नका. त्यांनाही त्याची किंमत मोजावी लागली. तुम्हाला काही आजार असेल, औषध चालू असेल किंवा वजन फार कमी-जास्त असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यांच्याकडून घ्यायचे ते असे:

1. कारण स्वतःचे शोधा. मला हे का हवे आहे, ते एका ओळीत लिहा.

2. एका वेळी एकच बदल करा. लंडनमध्ये आधी खोली बदलली, मग शेगडी आली, मग मसाले गेले.

3. सोडण्याआधी त्याजागी काय खायचे ते ठरवा. वीस मिनिटांत होणारा एक पदार्थ शिका. पोहे, उपमा, मुगाची खिचडी, काहीही चालेल.

4. रोज चाला. जवळच्या अंतराला रिक्षा करू नका.

5. रात्री दोन मिनिटे वही उघडा. आज काय खाल्ले ते लिहा. अकरा वाजता मागवलेला बर्गरही लिहा.

6. चुकलेला दिवस खोडू नका. त्याच्याखाली दुसऱ्या दिवशीचा साधा नाश्ता लिहा.

लंडनच्या त्या एका खोलीत अभ्यास संपल्यावर एक विद्यार्थी दिव्याखाली पेन्स आणि शिलिंग जुळवत बसत असे. आपण पुढे कोण होणार हे त्यालाही ठाऊक नव्हते. त्या दिवसाची शिल्लक जुळली की तो वही मिटून झोपत असे. तुम्हीही आज एवढेच करा. वही घ्या, तारीख लिहा आणि रात्रीच्या जेवणाची पहिली नोंद करा.